सिस्टर वोद्रूचं दार

सिस्टर वोद्रूला गाता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गावाचं नाव जगात जिथे कुठे पोचलंय तिथे ते एका गाणाऱ्या ननमुळे पोचलंय, आणि वोद्रू त्याच मठातली. त्यामुळे नवा भेटणारा प्रत्येक जण तिला विचारतो, "म्हणजे तुम्हीही गायचात?" त्यावर ती म्हणते, "मी गायले असते तर देवानेच धर्म बदलला असता."

मी केस कापते. म्यूज नदीच्या काठच्या रस्त्यावर, खाटकाच्या शेजारी माझं दुकान आहे. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जाते आणि तिथल्या म्हाताऱ्यांची डोकी ठाकठीक करून देते. आमच्या गावातला मठ कधीच बंद झाला. तिथे आता हॉटेल आहे आणि देवघरात लोक नाश्ता करतात. उरलेल्या नन्सना दूरच्या मोठ्या मठात नेलं होतं. तोही बंद पडला तेव्हा वोद्रूने सांगितलं, मला माझ्या गावी न्या. अशी ती वृद्धाश्रमात आली.

पहिल्या मंगळवारी मी तिच्यासमोर आरसा धरला. मठात आरसे नसतात. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर माझी आई." मग म्हणाली, "आईला सांग, मागून जरा कमी कर." त्या दिवसापासून आमचं जमलं. केस कापताना माणूस बोलतो, कारण समोर कुणाचा चेहरा नसतो. तिचं सगळं आयुष्य मला असं पाठमोरं ऐकायला मिळालं.

तिचं घरचं नाव झेली. बाप दगडाच्या खाणीत होता, घरात सहा पोरं. ती एकोणीस वर्षांची असताना मठात गेली. का गेली म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तिथे शांतता होती गं. आमच्या घरी बाप जेवतानासुद्धा खाणीत असल्यासारखा ओरडायचा." पण मठात शांतता होती तशी गाण्याचीही मोठी प्रथा होती. दिवसातून कितीदा तरी सगळ्याजणी समोरासमोर उभ्या राहून प्रार्थना गायच्या. गाणं शिकवणाऱ्या सिस्टरने झेलीचा आवाज एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला, आणि म्हणाली, "बाळ, तू नुसते ओठ हलव." वोद्रूने पुढची सगळी वर्षं नुसते ओठ हलवले. आणि गळा नाही म्हणून तिला दार मिळालं.

दारावरची सिस्टर म्हणजे मठातलं एकच माणूस, ज्याला बाहेरचं जग दिसतं. घंटा वाजली की जायचं, जाळीतून बघायचं, पाववाल्याला पैसे द्यायचे, भिकाऱ्याला सूप द्यायचं, पावण्यांना बसवायचं. घंटेच्या ओढीवरून कोण आलंय ते तिला कळायचं. "डॉक्टर एकदाच ओढायचा. पाद्री दोनदा. आणि तुझी आजी," ती मला म्हणाली, "घंटा तुटेपर्यंत." हे अगदी खरं. आमच्या आजीला धीर नव्हता, आणि तो गुण तिने मलाही दिलाय.

गाणारी ती सिस्टर रोलांद. ती आणि वोद्रू एकाच दिवशी ओढणी घेऊन नन झालेल्या. त्या दिवशी वोद्रूला टाचणी लावता येईना, तर रोलांदने आपल्या तोंडातल्या टाचण्या काढून तिची ओढणी नीट टाचून दिली आणि कानात म्हणाली, "हलू नकोस झेली, नाहीतर शहीद होशील." रोलांदच्या बापाची स्टेशनसमोर दारूचा गुत्ता होता. गाणी ती तिथेच शिकली होती, पण मठात हे कुणी मोठ्याने म्हणत नसे. सुट्टीच्या तासाला ती गिटार घेऊन बसायची. सूपच्या पातेल्यावर तिने एक गाणं केलं होतं, पातेलं देवाला म्हणतं की मला घासून घासून तुझ्या तोंडासारखं चकचकीत केलंय, आता तरी बघ. मुलांच्या वर्गासाठी केलेलं गाणं. त्याची तबकडी निघाली, आणि बघता बघता ते इथून अमेरिकेपर्यंत पोचलं.

तबकडीवर नाव नव्हतं, चेहरा नव्हता. मठाचा तसा नियमच होता, गाणं सगळ्यांचं. त्यामुळे वर्तमानपत्रवाले वेडे झाले. दारासमोर मोटारींची रांग लागली. वोद्रू जाळीतून सगळ्यांना "नाही" म्हणायची, आणि त्या नादात एका परदेशी माणसाने जाळीतून तिचाच फोटो काढला. तो कुठल्याशा मासिकात मोठ्ठा छापून आला, खाली लिहिलं होतं, 'देवाची कोकिळा'. मठाच्या प्रमुख मदरने शिक्षा म्हणून वोद्रूला जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून जेवायला लावलं. "आणि रोलांद," वोद्रू सांगते, "समोर बसून हसू दाबत होती, इतकी की तिच्या नाकातून सूप आलं."

पुढे रोलांद मठ सोडून गेली. कारणं पुस्तकवाल्यांनी पुष्कळ दिली आहेत. वोद्रू एकच देते, "तिला गायचं होतं आणि मदरला शांतता हवी होती. दोघीही काही चुकीचं मागत नव्हत्या." मठ सोडणाऱ्या बाईला कुणी निरोप देत नसे. बाकीच्या प्रार्थनेला असताना ती बागेच्या फाटकाने निघून जायची. संध्याकाळी जेवायला बसलं की तिची थाळी मांडलेली नसायची, आणि तिचं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही. रोलांद शहरात भाड्याच्या खोलीत राहिली, पोरांना गिटार शिकवत. आजारी पडली, गेली. त्यानंतर मात्र तिचं नाव सगळेच घ्यायला लागले.

आधी पुस्तक आलं. ब्रुसेल्सच्या एका प्राध्यापकाने लिहिलं. जाडजूड, तळटिपांनी भरलेलं. त्यात वोद्रूचं नाव कुठेच नाही. एकाच ठिकाणी लिहिलंय की मठ सोडून काही वर्षं झाल्यावर रोलांद एकदा परत आली होती, पण 'दारावरच्या सिस्टरने तिच्या तोंडावर दार आपटलं.' बस. मग सिनेमा आला. तो कुठे काढला देव जाणे, आमच्या मठाच्या अंगणात नारळासारखी झाडं होती. दारावरची सिस्टर म्हणून एक लठ्ठ, नाचरी बाई होती. तो सिनेमा वृद्धाश्रमातल्या टीव्हीवर लागला तेव्हा वोद्रू पोट धरून हसली. "मी नाचले असते तर जमीन खचून आम्ही सगळ्या खाणीत गेलो असतो."

आणि मग आमचं नाटक. आमच्या चर्चच्या हॉलची नाटकमंडळी आहे, दर हिवाळ्यानंतर काहीतरी बसवते. निवृत्त झालेले आन्सेल्म मास्तर लिहितात, बसवतात आणि सगळ्यांवर ओरडतात. मी केसांचे टोप आणि ओढण्या सांभाळते. मास्तरांनी गाणाऱ्या ननच्या आयुष्यावर नाटक लिहिलं, आणि त्याचा प्राण म्हणजे ते दार. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रोलांद पाऊसपाण्याची परत येते, घंटा वाजवते, दारावरची सिस्टर तिला खालपासून वरपर्यंत बघते आणि धाडकन दार आपटते. पडदा. आवाज मोठा व्हावा म्हणून आमच्या सुताराने, गिस्लाँने, दाराच्या मागे लोखंडी पत्रा ठोकला होता.

दारावरच्या सिस्टरचं काम फेर्नांद करायची. ही माझी शेजारीण, खाटकाची बायको, अंगाने दणकट आणि मनाने लोणी. तिने दार आपटलं की सगळा हॉल तिची छी-थू करत शिट्ट्या मारायचा. लोक खास शिट्ट्या घेऊन यायचे. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं तिला म्हणायची, "फेर्नांद, आत येऊ की नको? दार नाही ना आपटणार?" तिला ते आवडायचंही. आयुष्यभर डुकराच्या बरगड्या तोडल्यावर एखादीला थोडी कीर्ती मिळाली तर काय बिघडलं?

मी वोद्रूला नाटक आहे एवढं बोलले होते. दाराचं बोलले नव्हते. का बोलू? जखमेवर मीठ चोळायला मी जात नाही, मी केस कापायला जाते. पण एका मंगळवारी ती मान खाली घालून बसली असताना म्हणाली, "रविवारी दुपारच्या प्रयोगाला आम्हाला गाडीने नेणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार. कानाने कमी ऐकू येतं."

माझ्या हातातली कात्री थांबली. "सिस्टर, तीन तास बसवेल का तुम्हाला? खुर्च्या लाकडी आहेत."

"आमच्या देवघरातल्या काय गादीच्या होत्या?" ती म्हणाली.

मी तिथून तडक हॉलवर गेले. तालीम चालू होती. मी सांगितलं, "दारावरची सिस्टर रविवारी येतेय. खरी."  मंडळींना वाटत होतं ती केव्हाच मेली असेल. पुस्तकातली माणसं मेलेलीच असतात असा आमचा समज.

"प्रवेश काढून टाकू," फेर्नांद लगेच म्हणाली.

"काढून टाकू?" मास्तर उसळले. "अगं, लोक तिकीट काढतात ते त्या दारासाठी!"

"वाऱ्याने लागलं असं दाखवू," गिस्लाँ म्हणाला. "माझ्याकडे मोठा पंखा आहे."

"वारा! एवढी वर्षं खपून मी शोकांतिका लिहिली ती पंख्यावर सोपवू?"

"मास्तर," फेर्नांद म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, "ती म्हातारी पहिल्या रांगेत बसणार. सगळा हॉल तिच्या पाठीमागे शिट्ट्या मारणार. वासराचं मुंडकं मी एका घावात उडवते, पण हे मला जमायचं नाही. मला तिच्या समोर दार आपटायला लावू नका हो."

मास्तर तोंडाळ आहेत, दुष्ट नाहीत. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. शेवटी ठरलं ते असं, की फक्त रविवारपुरतं दार लावायचं नाही. फेर्नांदने दार उघडून नम्रपणे म्हणायचं, "मदर घरी नाहीत. तुम्ही उद्या या. नक्की या." रोलांदने मान हलवून निघून जायचं. पडदा. म्हातारीला त्रास नाही आणि नाटकही बुडत नाही. आम्ही सगळे स्वतःवर खूश झालो. गिस्लाँने तर बाटली काढून सगळ्यांना एकेक घोट दिला.

रविवारी वोद्रू करड्या स्वेटरमध्ये आली, डोक्यावर छोटी ओढणी. मला तिच्या शेजारी बसायला सांगितलं होतं. रोलांदचं काम औषधवाल्याची मुलगी अनूक करायची. अभिनय यथातथा, गळा मात्र गोड. तिने सूपच्या पातेल्याचं गाणं म्हटलं तेव्हा वोद्रू ओठ हलवत होती. गाणं संपल्यावर मला म्हणाली, "रोलांद एवढं चांगलं नव्हती गात. कुणाला सांगू नकोस." मासिकातल्या फोटोचा प्रवेश आला तेव्हा ती इतकी हसली की मागच्या रांगेतले लोक तिच्याकडे बघून हसायला लागले. मला वाटलं, पार पडलं आता.

मग ते दार आलं. अनूक जुना कोट घालून रस्त्यावर उभी. तिने घंटा ओढली. फेर्नांदने दार उघडलं. मागे लोकांनी शिट्ट्या ओठांना लावलेल्या मला ऐकू येत होत्या, म्हणजे तो श्वास आत घेतल्याचा आवाज.

"मदर घरी नाहीत," फेर्नांद म्हणाली. "तुम्ही उद्या या. नक्की या हं." ते 'हं' तिने पदरचं घातलं.

अनूकने मान हलवली आणि निघून गेली. दार उघडंच. हॉलमध्ये कुणाला काही कळेना.

वोद्रूने माझा हात धरला. "हे काय?"

"नाटक आहे, सिस्टर."

"उद्या या?" ती म्हणाली. "मी म्हटलं, उद्या या?"

आणि ती उठली. काठी टेकत, हळू, पण मी धरायच्या आत उठलीच. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"पोरी, दार लाव."

फेर्नांद खांबासारखी उभी.

"मी लावलं होतं," वोद्रू म्हणाली. "लाव."

फेर्नांदने माझ्याकडे बघितलं, विंगेत मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी डोक्याला हात लावला होता. बिचारीला काय करावं सुचेना, आणि गोंधळात हाताला जी सवय होती ती कामाला आली. तिने दार धाडकन आपटलं. लोखंडी पत्र्याने हॉल हादरला. एकही शिट्टी वाजली नाही.

वोद्रू दचकली. "असं नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. गिस्लाँने पडदा ओढला.

मध्यंतरात आमच्याकडे पोळीएवढी मोठी, साखर घालून भाजलेली टार्ट आणि कॉफी असते. तिला आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. फेर्नांद दारावरच्या सिस्टरच्या वेषातच, डोळे पुसत समोर उभी. मास्तर हात चोळत म्हणाले, "सिस्टर, आम्हाला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. म्हणून आम्ही बदललं."

"म्हणून मला चांगली केलीत," वोद्रू म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. तिने टार्टचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "ती दुपारी आली. उन्हाळा होता, पाऊसबिऊस काही नव्हता. मदर खरंच घरी नव्हत्या, शहरात दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. ती म्हणाली, मला फक्त सांजप्रार्थनेपुरतं आत येऊ दे. मागच्या बाकावर बसेन, तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, जमणार नाही. सोडून गेलेल्याला मदरच्या परवानगीशिवाय आत घ्यायचं नाही, नियम होता. किल्ली माझ्या कमरेला होती. ती म्हणाली, ठाऊक आहे मला, झेली. इतक्या वर्षांत मला झेली म्हणणारं तेवढंच कुणी. आणि मी दार लावलं."

तिने टार्टचा तुकडा परत बशीत ठेवला.

"आपटलं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे दार आपटायचं नसतं. आल्या दिवसापासून शिकवतात. एका हाताने कडी मागे ओढून धरायची, दुसऱ्या हाताचा तळवा लाकडावर ठेवायचा, ढकलायचं, आणि दार बसलं की कडी हळूहळू सोडायची. आवाज होता कामा नये. मी तसंच लावलं. माणूस पाववाल्यामागे लावतो तसं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिला निदान कळलं असतं की आत कुणीतरी जिवंत आहे."

फेर्नांद आता उघड उघड रडत होती.

"आणि तुमचं ते 'उद्या या'," वोद्रू मास्तरांकडे वळली. "ती आली असती हो उद्या. मदर घरी असत्या, मी पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. दोन शब्द. मला ते कधी सुचले नाहीत. तुम्हाला एका संध्याकाळी सुचले."

मास्तर आयुष्यभर वर्गासमोर उभे राहिलेले. त्या दिवशी ते स्टुलावर बसून कॉफीच्या कपात बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचाही राग आला. आपण एखाद्याचं भलं करायला जातो, आणि नेमकं त्याचं दुखणं उकरून हातात घेतो.

"नाटकात ते एक दार माझं आहे," वोद्रू म्हणाली. "बाकी सगळं तिचं. ते काढून घेऊ नका. पण लावायचं असेल तर नीट लावा." मग फेर्नांदला म्हणाली, "रडू नकोस. इकडे ये, शीक."

आणि तिने स्वयंपाकघराच्या दारावर फेर्नांदला दार लावायला शिकवलं. फेर्नांद मांसाच्या थंड खोलीचं दार आयुष्यभर नितंबाने ढकलत आलेली. दहा वेळा आवाज झाला. "हळू, पोरी. कुणीतरी झोपलंय असं समज." बाहेर लोक तिसऱ्या अंकाची वाट बघत बाकं बडवत होते.

त्या आठवड्यात फेर्नांदने घरातली सगळी दारं तशी लावली. नवरा माझ्याकडे येऊन विचारायला लागला, "भांडली आहे का गं ही माझ्याशी? दोन दिवस झाले, कपाटसुद्धा आपटलं नाही. मला भीती वाटते." मास्तरांनी पाऊस काढून टाकला, दारानंतरचं मध्यंतर पुढे ढकललं आणि वोद्रूने सांगितलेली वाक्यं, तिला विचारून, नाटकात घातली. गिस्लाँने पत्रा उचकटला. शिवाय त्याने आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली. दार प्रेक्षकांच्या समोर होतं ते त्याने फिरवून कडेने उभं केलं, म्हणजे एकीकडे रस्ता दिसेल आणि दुसरीकडे मठाची आतली बाजू. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "आपण आजवर सारखे रस्त्यावर उभे राहूनच बघत होतो ना." गिस्लाँ फारसा बोलत नाही, त्यामुळे मास्तरही पुढे काही बोलले नाहीत.

शनिवारी शेवटचा प्रयोग. वोद्रू पुन्हा आली. वृद्धाश्रमाची गाडी नव्हती, मीच तिला माझ्या गाडीतून आणलं. रविवारी काय झालं ते गावभर झालेलं होतं. हॉल भरून लोक भिंतींशी उभे होते. शिट्ट्या कुणीही आणल्या नव्हत्या, किंवा आणल्या असतील तर खिशात ठेवल्या होत्या.

अनूकने घंटा ओढली. फेर्नांदने दार उघडलं.

"फक्त सांजप्रार्थनेपुरतं," अनूक म्हणाली. "मागच्या बाकावर बसेन. तोंड उघडणार नाही."

"जमणार नाही."

"ठाऊक आहे मला, झेली."

फेर्नांदने कडी मागे ओढली, दुसरा तळवा लाकडावर ठेवला आणि दार लावलं. काहीही आवाज झाला नाही. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी इतकी नाटकं बघितली, धाडधाड बंदुका वाजलेल्या बघितल्या, पण एवढं भयंकर काही ऐकलं नव्हतं.

फेर्नांदचा हात तसाच दारावर राहिला. तिला मास्तरांनी सांगितलंच होतं, दार लागल्यावर तिथेच उभी राहा. अनूकला मात्र सांगितलं होतं, लगेच वळ आणि निघून जा. ती गेली नाही. तिनेही आपल्या बाजूने दारावर हात ठेवला आणि कपाळ टेकलं. नंतर ती म्हणाली, मला पायच उचलवेना. एका दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या आणि आम्हाला दोघीही दिसत होत्या.

वोद्रू खुर्चीत पुढे वाकली. मला वाटलं ही परत उठणार, म्हणून मी तिचा दंड धरला.

"ती गेली नाहीये," ती म्हणाली.

"नाही, सिस्टर."

"मला वाटलं होतं, ती लगेच गेली असेल."

तिने आयुष्यभर त्या दाराची एकच बाजू पाहिली होती. ती फेर्नांदकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. कमी ऐकू येणारी ती बाई त्या दिवशी इतक्या हळू बोलली की ते फक्त माझ्यापर्यंत आलं.

"उघड गं. अजून आहे ती. उघड."

फेर्नांदला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने अनूकने हात काढला, कोटाची कॉलर वर केली आणि रस्त्याच्या बाजूने निघून गेली. मी सिस्टरचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. पुढच्या प्रवेशाचे दिवे लागले आणि गिटार शिकणारी पोरं रंगमंचावर आली.